सावलीतली कुंडी

सगुणाबाई सातपूरला मुलाकडे राहायला आली, ती एका हातात कपड्यांची पिशवी आणि दुसऱ्या हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेली पुदिन्याची मुळं घेऊन. सून पोटुशी होती. आधीच्या दोन्ही वेळी निकिताचा तिसरा महिना पुरा झाला नव्हता. या खेपेला चौथा लागला होता, पण घरात कुणी मोठ्याने आनंद करत नव्हतं. पेढे तर सोडाच, शेजारच्या कुसाबाईलाही गोष्ट सांगितली होती ती दार लोटून.

मळमळीवर पुदिन्यासारखं दुसरं काही नाही, असं सगुणाबाईचं ठाम मत. तिची बहुतेक मतं ठामच असत. दिंडोरीकडच्या गावात नवऱ्याबरोबर द्राक्षाची बाग सांभाळण्यात तिचा जन्म गेलेला. छाटताना कुठल्या काडीला फुटव्याचे किती डोळे ठेवायचे हे ती सांगायची आणि गडी निमूट ऐकायचे. त्यामुळे सुनेनेही ऐकावं, यात तिला काही वावगं वाटत नसे. दुसऱ्या खेपेचं पोट गेलं, तेव्हा ती फोनवर बोलून गेली होती, की हिने कुणाचं ऐकलं असतं तर ही वेळ आली नसती. फोन स्पीकरवर होता, हे तिला नंतर कळलं. निकिता ते विसरली असणार, असं ती धरून चालली होती.

गॅलरीत रंगाच्या चार रिकाम्या बादल्या होत्या. त्यांच्या बुडाला तिने तापल्या सळईने भोकं पाडली, माती आणि शेणखत मिसळून भरलं आणि मुळं आडवी निजवली. पंधरवडा गेला नाही तोच चारही बादल्या हिरव्यागार झाल्या. पुदिना लाडावला की नुसता उंच जातो, खालून उघडा पडतो आणि त्याला तुरे येतात. एकदा तुरा आला की पानाची चव गेली. म्हणून सगुणाबाई दोन पानांच्या जोडीच्या वर नखाने शेंडा खुडायची. खुडलेल्या जागी दोन फांद्या फुटायच्या. बादली फारच माजली तर मातीच्या वर दोन बोटं ठेवून सगळं कापून टाकायची. ‘‘आपली बागेतली खरड छाटणी असती ना, तशी,’’ असं ती निकिताला कौतुकाने सांगायची. निकिता मान हलवायची.

तिची आणखी एक रीत होती. गॅलरीत दुपारनंतर पश्चिमेचं ऊन यायचं. पुदिन्याला ऊन लागतं, पण चैत्रातलं सोसत नाही. म्हणून तीन बादल्या कठड्याशी असायच्या आणि एक वॉशिंग मशीनच्या आडोशाला, सावलीत. उन्हातली एखादी माना टाकायला लागली की तिला सावलीत आणायची आणि सावलीतली उन्हात सरकवायची. पाणी करायला पानं मात्र सावलीतल्या बादलीचीच घ्यायची, कारण ती कोवळी राहायची. हे तिच्या हातांना इतकं अंगवळणी पडलं होतं, की डोक्याला त्यात काही कामच उरलं नव्हतं.

रोज पहाटे ती गॅलरीत यायची, दिवा न लावता सावलीतल्या बादलीतली मूठभर पानं खुडायची, चुरडून पाण्यात टाकायची, लिंबू पिळायची, चिमूटभर काळं मीठ घालायची. पेला ओट्यावर झाकून ठेवून आंघोळीला जायची. देवाचं आटोपून येईपर्यंत पेला रिकामा होऊन उपडा पडलेला असायचा. ‘‘प्यालीस ना गं?’’ असं तरीही विचारायचीच. निकिता हो म्हणायची.

चैत्र तापला आणि पानांवर लाल कोळी आला, पानाचा रस शोषणारी बारीक कीड. बागाईतदाराच्या बायकोला तो ओळखायला चष्मा लागत नाही. पानं आधी फिकट ठिपक्यांची होतात, मग खालच्या बाजूने बारीक जाळी दिसते. कठड्याशी असलेल्या तिन्ही बादल्यांना लागला होता, सावलीतली अजून स्वच्छ होती. नुसत्या पाण्याने धुऊन पाहिलं, राखही भुरभुरवली. पण सगुणाबाईचा खरा विश्वास औषधावर. तिने गोरक्षला, म्हणजे नवऱ्याला, फोन केला आणि बागेत मारून उरलेलं कोळ्याचं औषध थोडं पाठवायला सांगितलं. कशाला पाहिजे, असं त्याने विचारलं, तर म्हणाली, गुलाबाला. पुदिन्याचं नाव काढलं असतं तर तो ओरडला असता, हे तिला ठाऊक होतं. टोमॅटो घेऊन पंचवटीच्या मार्केटला येणाऱ्या गाववाल्याबरोबर औषध आलं. खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत भरलेलं, वरचं लेबल अर्धवट खरवडलेलं.

तिचा बेत तसा चुकीचा नव्हता. कापताना कोळी गळून शेजारच्या झाडावर जातो, म्हणून आधी मारायचा आणि दुसऱ्या दिवशी तिन्ही बादल्या मातीपर्यंत कापून सगळा पाला फेकून द्यायचा. नवा फुटवा येईपर्यंत सावलीतली बादली होतीच. संध्याकाळी निकिता आत झोपलेली असताना तिने इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी मारायच्या बाटलीत औषध कालवलं आणि तिन्ही बादल्या पानाच्या खालून-वरून चिंब केल्या. तोंडाला पदर बांधला होता. हात साबणाने धुतले. म्हणजे काळजी घेतलीच होती.

नेमकी तेव्हाच शेजारच्या गॅलरीत कुसाबाई आली आणि आपल्या मुलीसाठी सांगून आलेल्या स्थळाबद्दल बोलायला लागली. मुलगा चांगला होता, पण त्याची आई तोंडाळ होती म्हणे. असल्या विषयात सगुणाबाईला रस नसेल तर कुणाला असणार? ती ऐकत राहिली, मध्ये मध्ये सल्ले देत राहिली. आणि तिचे हात, रिकामे राहायची सवय नसलेले ते हात, आपलं काम करत राहिले. कठड्याशी सगळ्यात मरगळलेली बादली त्यांनी ओढून मशीनच्या आडोशाला आणली आणि सावलीतली उचलून उन्हाच्या जागी ठेवली.

दुसऱ्या दिवशी पहाटे नेहमीप्रमाणे अंधारात पानं खुडली गेली, नळाखाली वरवर धरली गेली. पाणी झालं, पेला झाकला गेला, देवाची पूजा झाली. सोमनाथ, म्हणजे तिचा मुलगा, अंबडच्या कारखान्यात पहिल्या पाळीला निघून गेला. पेला मोरीत उपडा पडला होता. निकिता म्हणाली, प्यायले.

ऊन वर आल्यावर सगुणाबाई कात्री घेऊन गॅलरीत बसली. कठड्याशी असलेली पहिली बादली तिने कापली, दुसरी कापली. तिसरीला हात घातला आणि थांबली. या बादलीची पानं स्वच्छ होती. ठिपका नाही, जाळी नाही, औषधाचे वाळलेले पांढुरके डागही नाहीत. तिने हळूहळू मान वळवून मशीनकडे पाहिलं. आडोशाच्या बादलीत पानांवर पांढरे ओघळ वाळले होते, आणि वरचे शेंडे ताजे खुडलेले होते.

तिच्या हातातली कात्री मांडीवर पडली. आधी तिला काही वाटलंच नाही. मग ती बसल्या बसल्या सरकत मशीनपाशी गेली. तिने एक पान तोडून नाकाशी नेलं. पुदिन्याच्या वासाखाली दुसरा वास होता, बागेतला, फवारणीच्या दिवसांतला. तो तिला झोपेतही ओळखू आला असता.

आत निकिता कुणाशी तरी फोनवर हसत होती. ती बालवाडीत शिकवायची, डॉक्टरांनी आराम सांगितल्यापासून रजेवर होती. ते हसणं ऐकून सगुणाबाईला पहिल्यांदा वाटलं, की आत जावं आणि सांगून टाकावं. ती उठलीसुद्धा. दारापर्यंत गेली. मग निकिताची आई डोळ्यांपुढे आली, तिचे भाऊ आले, कुसाबाई आली, सगळं गाव आलं. पोटुश्या सुनेला सासूने औषध पाजलं. आधीची दोन्ही अशीच गेली का, असंही कुणीतरी विचारेल. ती दारातून मागे फिरली.

खाली कचऱ्याच्या घंटागाडीचं गाणं वाजायला लागलं. सगुणाबाईने कोनाड्यातली खोकल्याच्या औषधाची बाटली कापलेल्या पाल्यात खुपसली, पिशवीची गाठ मारली आणि जिना उतरून स्वतःच्या हाताने गाडीत टाकून आली. परत येऊन आडोशाची बादलीही मातीपर्यंत कापली, पाला पिशवीत कोंबून झाडणीमागे सारला. आता त्यातलं पान कुणाच्या तोंडात जाऊ नये, हे खरं. खुडलेले शेंडे कुणाला दिसू नयेत, हेही तितकंच खरं.

मग बाथरूममध्ये जाऊन, नळ सोडून, तिने गोरक्षला फोन लावला. बागेत छाटणीची माणसं लागली होती, त्यांच्या गलक्यात त्याला नीट ऐकू येईना. तिने आडून आडून विचारलं, की ते गुलाबाचं औषध, ते कितीसं कडक असतं? समजा मांजराने चाटलं तर? गोरक्ष म्हणाला, मांजर कुठून आलं तुमच्याकडे? ती म्हणाली, कुसाबाईचं.

‘‘मरंल,’’ गोरक्ष म्हणाला. ‘‘डब्यावर लाल तिरकोन हाय त्याच्या. काढणीच्या महिनाभर आधी बंद करतो आपण ते. खायच्या झाडाला चुकून बी मारू नको.’’

बरं, म्हणून तिने फोन ठेवला. लाल त्रिकोण म्हणजे सगळ्यात जहाल विष, हे तिला कुणी समजावायची गरज नव्हती. गावातला मल्हारी वाऱ्याच्या तोंडाला उभा राहून फवारणी करत होता आणि बांधावरच पडला होता. त्याच्या तोंडाला आलेला फेस सगुणाबाईने पदराने पुसला होता. नळाचं पाणी वाहत राहिलं आणि ती भिंतीला धरून उभी राहिली.

त्यानंतरचा सगळा वेळ तिने निकिताकडे बघण्यात घालवला. घाम येतोय का, डोळ्यांतून पाणी येतंय का, थुंकी जास्त सुटतेय का. निकिता उठली की ही उठायची. निकिता बाथरूमला गेली की ही दाराशी कान लावून उभी. दूध दिलं, वर शहाळ्याचं पाणी दिलं, त्यावर पुन्हा ताक. तूप पोटातलं विष बांधून ठेवतं, असं कधीतरी ऐकलेलं, म्हणून भातावर वाटीभर तूप ओतलं. निकिता बिचारी चकित झाली. एवढं नको म्हणाली, तर सगुणाबाई अशा काही नजरेने बघत राहिली, की तिने मुकाट्याने खाल्लं. स्वतः सगुणाबाईने घासही घेतला नाही. उपास आहे म्हणाली. कसला, ते निकिताने विचारलं नाही.

सांगायचं आहे, सांगायचं आहे, असं ती मनाशी घोकत होती. आता भांडी झाली की सांगू. ती कुशीवर वळली की सांगू. तासभर गेला, काही झालं नाही, म्हणजे होणारही नाही, असाही एक विचार यायचा आणि ती त्याला घट्ट धरून बसायची. लगेच मल्हारीचं तोंड आठवायचं. देव्हाऱ्यापुढे जाऊन तिने सप्तशृंगीला नवस बोलला, की या लेकराला वाचव, चालत गडावर येते. देवीशी बोलतानासुद्धा नेमकं काय झालं, ते तिने सांगितलं नाही.

दुपार कलायला आली तेव्हा निकिता पलंगावरून उठली, पोटावर हात दाबला आणि तोंड कसनुसं करून परत बसली.

‘‘काय झालं गं?’’ सगुणाबाईचा आवाज फुटला.

‘‘काही नाही आई, पोटात कळ आल्यासारखं झालं. तूप जास्त झालं बहुतेक.’’

सगुणाबाई तिच्यापुढे जमिनीवर बसली. सकाळपासून अडवून धरलेलं तिला आणखी धरवेना. ‘‘निकिता, चल, दवाखान्यात चल. सकाळच्या पाण्यात औषध होतं. बागेचं. मीच मारलं झाडाला आन् मीच त्याची पानं घातली. माझ्या हातून बादली बदलली गं.’’

निकिताला आधी काही उमगलंच नाही. बादली कोणती, बाग कोणती, औषध कसलं. सगुणाबाई तुटक तुटक सांगत गेली, कोळी, फवारा, कुसाबाई, आडोसा. सांगताना तिने सुनेचे दोन्ही पाय धरले होते. निकिताचा चेहरा आधी गोंधळलेला होता. मग त्यावरचा रंग उतरत गेला.

‘‘आई, मी नाही प्यायले ते,’’ ती म्हणाली.

सगुणाबाईने वर पाहिलं.

‘‘मला पुदिन्याचा वास सहन होत नाही. दुसऱ्या महिन्यापासूनच नाही होत. वास आला तरी उलटी येते. तुम्ही एवढी मुळं घेऊन आलात, रोज पहाटे उठून करता... आणि नाही म्हटलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, ही ऐकत नाही. म्हणून मी नाही बोलले.’’

सगुणाबाईला हे सगळं ऐकू आलं, पण त्यातलं पहिलं वाक्यच तिच्या कानात राहिलं. नाही प्यायले. तिच्या छातीवरचा धोंडा उतरला, डोळे भरून आले, आणि तिने सुनेच्या गुडघ्यावर डोकं टेकवलं. देवीचा नवस, गडाच्या पायऱ्या, सगळं एका दमात आठवलं. तिने विचारलं, मग मोरीत ओततेस का गं रोज?

निकिताचा हात तोंडाशी गेला होता.

‘‘सोमनाथ पितो,’’ ती म्हणाली. ‘‘रोज तोच पिऊन जातो. वाया नको जायला म्हणून.’’

यानंतर सगुणाबाईने काय काय केलं, ते तिला पुढे कधी नीट सांगता आलं नाही. निकिता सोमनाथला फोन लावत होती, पण पाळीत फोन लॉकरमध्ये ठेवावे लागतात. तो नुसता वाजत राहिला. तिने पर्स उचलून मागे वळून पाहिलं, तर दार उघडं होतं आणि सासू घरात नव्हती. ती धावत खाली आली, तेव्हा सगुणाबाई रस्त्याच्या मधोमध रिक्षापुढे हात पसरून उभी होती. डोक्यावर पदर नव्हता आणि पायात चप्पल नव्हती. डांबर असं तापलेलं, की रिक्षावालाच म्हणाला, मावशी, आधी आत बसा.

पपया नर्सरीचा सिग्नल लाल होता. सगुणाबाईने रिक्षावाल्याला तो तोडायला सांगितलं. त्याने नाही म्हटल्यावर ती रस्त्यातच उतरायला निघाली. निकिताने तिचा दंड धरून बसवलं. लिंक रोडला ट्रकची रांग होती. तेवढ्यात सगुणाबाईने गोरक्षला फोन लावला, आणि या वेळी ना नळ सोडला, ना मांजर आणलं. रिक्षावाला ऐकतोय, बाजूचे मोटारसायकलवाले वळून बघतायत, आणि ही ओरडून सांगतेय, की तुम्ही पाठवलेलं औषध मी पुदिन्याला मारलं, सोमनाथ ते प्यालाय, डब्यावरचं नाव वाचा. पलीकडून गोरक्ष म्हणाला, डबा घेऊन निघतो, आणि त्याआधी फोटो पाठवतो.

कारखान्याच्या फाटकावर वॉचमनने अडवलं. पाळी सुटायला वेळ आहे, नाव लिहा, बाजूला थांबा, असं काहीतरी त्याने सांगितलं. पाळी बदलायच्या वेळेचे कामगार फाटकाशी जमायला लागले होते. त्या सगळ्यांपुढे सगुणाबाईने त्याच्या शर्टाची बाही धरली.

‘‘माझ्या पोराला मी विष पाजलंय,’’ ती म्हणाली. ‘‘मला आत सोड.’’

वॉचमनने नाव विचारलं आणि ते ऐकून त्याचा चेहरा बदलला. सोमनाथला सकाळीच बरं वाटत नव्हतं, तो आतल्या पेशंटच्या खोलीत झोपलाय, असं तो म्हणाला. त्याने फाटक उघडलं.

सोमनाथ एका अरुंद खाटेवर पडला होता. कपाळावर घाम, ओठ कोरडे पडलेले, शेजारी उलटीची बादली. आईला आणि बायकोला एकदम बघून तो उठायला लागला आणि डोकं धरून परत आडवा झाला. उन्हाने झालं असेल, असं तो म्हणत होता. त्याच्या बाजूला, पत्रा दाबायच्या प्रेसवर काम करणारा बंटी नावाचा मुलगा खोलीत बसून होता. त्याने सांगितलं, की चक्कर आली तेव्हा सोमनाथचा हात प्रेसच्या आत होता. बंटीने कॉलर धरून मागे ओढला, म्हणून बोटं राहिली. तो हे सहज सांगत होता. सगुणाबाईने मुलाचा हात उचलला आणि एकेक बोट चाचपून बघितलं.

दवाखाना जवळच होता. डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारली, छातीला नळी लावली आणि काय पोटात गेलं, असं विचारलं. गोरक्षने पाठवलेला फोटो निकिताने पुढे केला. डॉक्टर बराच वेळ तो मोठा करून वाचत राहिले. मग सलाईन लागलं, सुई लागली, रक्त गेलं. थोडक्या पानांतून थोडकंच गेलं असणार, बराचसा भाग उलटीतून बाहेर पडलाय, असं ते म्हणाले. तरी रात्रभर लक्ष ठेवायला लागेल, छाती भरली तर अवघड जाईल. ते अवघड म्हणाले आणि निघून गेले. सगुणाबाई त्या एका शब्दासकट खाटेशी उभी राहिली. नर्सने दोनदा बाहेर जायला सांगितलं, ती गेली नाही. मुलाची छाती वर होते का, खाली होते का, एवढंच ती बघत होती. गोरक्ष डबा घेऊन आला, तिच्याकडे बघितलं, आणि रागवायचंच विसरून गेला.

छाती भरली नाही. सकाळी डॉक्टरांनी पुन्हा बॅटरी मारली, मान हलवली, आणि दुपारी सोमनाथला घरी सोडलं. घरी आल्या आल्या तो पेज पिऊन झोपला. त्याने आईला एक शब्दही बोलून दाखवला नाही. उलट म्हणाला, तू उगाच जिवाला लावून घेऊ नको, चुकून होतं. गोरक्ष त्याच्या उशाशी बसून राहिला.

सगुणाबाई गॅलरीत आली. चार बादल्यांपैकी तीन मातीपर्यंत कापलेल्या आणि चौथी, ती निरोगी, कठड्याशी उन्हात माना टाकून उभी. झाडणीमागच्या पिशवीतला पाला काळा पडायला लागला होता. तिने कात्री उचलली. औषध लागलेली माती फेकायची, बादल्या घासून वाळवायच्या, आणि या चौथीचं काय करायचं ते ठरेना.

मागे निकिता येऊन उभी राहिली. एक हात पोटावर, एक दाराच्या चौकटीवर. तिने साडीचा पदर नाकाला लावला होता, आणि आज तो लपवला नव्हता.

‘‘आई, एक विचारू? तुम्हाला कळलं कधी? बादली बदललीय हे?’’

सगुणाबाईला खोटं बोलता आलं असतं. पण घंटागाडीत फेकलेली बाटली, नळ सोडून केलेला फोन, कुसाबाईचं मांजर, हे सगळं आता गोरक्षकडून, नाहीतर कुसाबाईकडून, आज ना उद्या बाहेर पडणारच होतं. ‘‘काल सकाळीच,’’ ती म्हणाली. ‘‘तू फोनवर हसत व्हतीस तवा.’’

खालून भाजीवाल्याची हाक आली आणि गेली.

‘‘म्हणजे मी प्यायलेय असं वाटत होतं, तेव्हा तुम्ही दुपारपर्यंत थांबलात,’’ निकिता म्हणाली. आवाज चढला नव्हता. ‘‘मला जेवायला वाढलंत. आणि तो प्यायलाय हे कळलं, तेव्हा चप्पल घालायलाही थांबला नाहीत.’’

सगुणाबाईच्या हातातली कात्री उघडी होती, ती तशीच राहिली. पोटातल्या लेकरासाठी देवीला नवस बोलले होते, असं सांगावंसं वाटलं, आणि ते तोंडापर्यंत येऊन लाजून परत गेलं. कालपासून तिला जे जे भय वाटलं होतं, त्यातलं हे सगळ्यात मोठं होतं, कारण यातून पळून दवाखान्यात जाता येत नव्हतं.

‘‘भ्याले गं,’’ ती म्हणाली. ‘‘लय भ्याले. तुला काय व्हईल म्हणून भ्याले, का मला लोक काय म्हणतील म्हणून भ्याले, माझं मलाच कळंना.’’

‘‘मला कळलं,’’ निकिता म्हणाली.

ती आत वळली. आतून सोमनाथला औषधाची गोळी द्यायची वेळ झालीय, असं तिचं बोलणं ऐकू आलं. पाण्याचा पेला भरल्याचा आवाज आला. नंतर तोच पेला घेऊन ती परत दाराशी आली आणि पेल्यातल्या पाण्याकडे बघत थांबली. सगुणाबाईने न सांगता हात पुढे केला, पेल्यातला एक घोट आधी स्वतः घेऊन दाखवला आणि पेला सुनेच्या हातात परत दिला. निकिता पेला धरून तिच्याकडे बघत उभी राहिली. मग तिने ते पाणी मोरीत ओतलं, पेला घासला आणि नळाखालून दुसरं भरून घेतलं.